मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० च ठेवू की लिनक्स टाकू?

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या लॅपटॉपबद्दल सल्ला हवा आहे. इंटेल आय-३, तिसरी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, वर ६४ बिट विंडोज १०. चालू करून टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवरून खाली येत नाही. ब्राउझर उघडेपर्यंत वडील उठून दुसऱ्या कामाला लागलेले असतात. स्क्रीन आणि कीबोर्ड मात्र ठणठणीत आहेत, त्यामुळे मशीन टाकून द्यायचं नाही हे नक्की.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची खास चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. या अटींच्या तपासणीला बगल देऊन विंडोज ११ टाकता येतं, पण बँकेचे व्यवहार याच मशीनवर होतात. पुढचं अपडेट मिळेलच याची खात्री नसताना ते करायला मन धजत नाही.

म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, डोक्यात आहे. खरी काळजी मराठीची. वडील रोज लिहितात. हल्लीचं सगळं युनिकोडमध्ये (कोणत्याही मशीनवर वाचता येणारे अक्षरांचे ठरलेले कोड), इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-आराखड्याने. आधीचं लेखन मात्र जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, वर्डच्या फायलींत आहे. तो फॉन्ट नसेल तर पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. यातली एकही फाईल हातची जाऊ द्यायची नाही. 'लिनक्स हलकं असतं' एवढं मला ठाऊक आहे. असं लेखन सांभाळून कोणी हा बदल केला असेल तर नीट सांगा.

प्रतिसाद १

तुमचं मशीन अडलंय ते आधी डिस्कपाशी. २.५ इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा, आणि रॅमचा स्लॉट रिकामा असेल तर डीडीआर३ ची आणखी ४ जीबी पट्टी. हे न करता नुसतं लिनक्स टाकलं तर लॅपटॉप लवकर सुरू होईल, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की पुन्हा तेच. ब्राउझरला रॅम दोन्हीकडे भरपूरच लागते.

एसएसडी घेण्याचा दुसरा फायदा तुमच्या काळजीवरच उतारा आहे. लिनक्स नव्या एसएसडीवर टाका आणि जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट, जशी आहे तशी काढून ठेवा. नाही जमलं तर तीच परत बसवायची. तरीही फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आधी घ्याच, जुनी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही.

जुन्या फॉन्टबद्दल. त्या फायलींत मुळात रोमन अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. तो फॉन्ट लिनक्सवर टाकला की लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) मजकूर सहसा दिसतो. ओळी आणि पानं थोडी सरकतात. त्या फॉन्टमध्ये टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर मात्र विंडोजपुरतंच असतं, ते चालेल असं धरून चालू नका. माझं मत विचाराल तर विंडोज चालू आहे तोवरच सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ फायलीही ठेवा. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, गडबड तिथेच होते. इनस्क्रिप्टची चिंता नको. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की तोच आराखडा मिळतो.

काही बदलण्याआधी पेन ड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे सगळं तपासा. वेग मात्र त्यावरून ठरवू नका, पेन ड्राइव्हवरून ते संथच चालतं. प्रिंटर आहे का? काही स्वस्त लेसर प्रिंटर कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय हलत नाहीत.

धागाकर्ता

मनापासून आभार. जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवायची हे सुचलंच नव्हतं, वडिलांनाही ते लगेच पटलं. प्रिंटर लेसरच आहे, यूएसबीवर चालणारा. लाइव्ह मिंटमधून एक पान छापून बघतो आणि नाही छापलं तर मॉडेल इथेच लिहितो. तोवर एक विचारतो: शंभरेक फायली एकदम युनिकोडमध्ये बदलायच्या, तर तक्ते आणि तळटीपा जागच्या जागी ठेवणारी पद्धत कोणी वापरली आहे का?