जुनी फायबरची शिडाची बोट: मोठी पण दुरुस्तीवाली, की छोटी पण ठाकठीक?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं आणि दोन पोरं, धाकटा अजून पोहायला शिकतोय. किनाऱ्याकिनाऱ्याने शनिवार-रविवार फिरायचं, सुट्टीत फार तर आठवडाभर, एवढाच बेत आहे, महासागर वगैरे ओलांडायचा नाहीये. बजेट बेताचं म्हणून ७० च्या दशकातल्या बोटी बघतोय आणि दोनवर येऊन अडकलोय. एक कॅटलिना ३०, आतून मस्त ऐसपैस, पण इंजिन ते जुनं पेट्रोलवालं ॲटॉमिक ४ आणि डोलकाठीच्या पुढे डेकवर पाय दिला की किंचित दबतं. दुसरी आल्बिन व्हेगा, २७ फुटी, अरुंद, पण मालकाने डिझेल इंजिन नवीन बसवलंय, डोलकाठीच्या ताणतारा पण बदलल्यात, पावत्या दाखवल्या. कॅटलिना स्वस्तात मिळतेय. ह्यांचं मन कॅटलिनावर, माझं ठरत नाहीये. आणि मुळात इतकं जुनं फायबर टिकतं का हो?

खारा_वारा
फायबरच्या तळाची काळजी सोडा, त्या काळात जाडजूड थर द्यायचे, तळाला फोड आले असले तरी बहुतेक वेळा ते दिसायलाच भयानक असतात. बोट मरते ती डेकमुळे. डेक म्हणजे दोन फायबरचे थर आणि मधे बालसा नाहीतर प्लायवूड, आणि रेलिंगचे खांब, दोर बांधायचे क्लीट, खिडक्या ह्यांच्या स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की आतलं लाकूड कुजतं. तुमचं पायाखाली दबतंय ना, तेच ते. प्लास्टिकच्या हातोडीने सगळ्या डेकवर टकटक करत जा, चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. हातभर जागा असेल तर घरी जमतं पण डोलकाठीच्या आसपास पसरलं असेल तर वरचा थर कापून लाकूड काढा, नवं भरा, परत फायबर चढवा, अख्खा सीझन गेला समजा, आणि पोरं तोवर किनाऱ्यावर.

तांडेल_नवखा
कॅटलिनाची बाजू घेतो जरा. ३० फुटात जवळजवळ ११ फूट रुंदी आहे तिला, व्हेगा जेमतेम ८ फूट. दोन दिवस पाऊस लागला आणि चौघं आत कोंडलेत, मग कळतं रुंदी काय चीज आहे. शिवाय ६००० च्या वर बनल्यात, त्यामुळे पार्ट आणि माहिती दोन्हीची ददात नाही. पण तिच्या दोन खोडी बघाच. कील, म्हणजे बोटीखालचा जड पंख, जिथे बोटीला जोडलीये तिथे पुढच्या बाजूला आडवी भेग दिसते का, जुन्यांमधे कीलवरच्या भागात आत लाकूड घातलेलं असायचं, ते भिजलं की बोल्ट कसून उपयोग नाही. आणि आत डोलकाठीचा भार घेणारा जो खांब आहे त्याच्या बुडाशी लाकडी ठोकळा असतो, तो पण कुजतो.

निळी_शाई
बापरे, ठोकळ्याकडे तर बघितलंच नाही आम्ही. व्हेगात असं काही आहे का? आणि पेट्रोल इंजिन सरळ नाकारायचं का?

खारा_वारा
व्हेगात डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिच्याखालचा आडवा बीम कालांतराने बसतो. डेक तिथे खोलगट दिसतंय का आणि आतला दरवाजा घासतोय का बघा. मजबुतीचं काम माहितीतलं आहे, बऱ्याच जणांनी केलंय.

डिझेल_काकू
ॲटॉमिक ४ वाईट इंजिन नाही, गुळगुळीत चालतं आणि दुरुस्तीला सोपं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साठते, म्हणून दर वेळी सुरू करायच्या आधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) ४-५ मिनिटं चालवायचा म्हणजे चालवायचाच. मोठ्या माणसांना ही शिस्त जमते, पण मुलं "चल ना चल ना" करत असताना एखाद दिवशी राहून जातं, म्हणून माझ्या बोटीवर मी पेट्रोल ठेवणार नाही. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच, तोही खालीच साठतो, त्याची नळी आणि व्हॉल्व्ह दोन्ही बोटींत तपासून घ्या.

निळी_शाई, ताई, माझं मत व्हेगा. नवं डिझेल आणि नव्या तारा ही दोन सगळ्यात महागडी कामं झालेली आहेत, कॅटलिनात हीच दोन अधिक डेक तुमच्या गळ्यात. स्वस्त कुठली ते हे सगळं बेरजेत धरून सांगा ह्यांना. मात्र पावत्यांवर जाऊ नका, तारा ज्या पट्ट्यांना बांधतात त्या चेनप्लेट बदलल्यात का विचारा, डेकमधून जातात तिथे स्टीलला आतून गंज लागतो आणि बाहेरून चकचकीत दिसतं. बघायला जाल तेव्हा इंजिन आधी गरम करून ठेवू नका असं मालकाला सांगून ठेवा, थंड इंजिन कसं उठतं आणि धूर कसला येतो ते डोळ्यांनी बघायचं.

तांडेल_नवखा
काकूंशी सहमत, फक्त पैसे देण्याआधी चौघांनी आत एक रात्र झोपून बघता आलं तर बघा. आणि सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासून देणारा जाणकार, तुमचा तुम्ही शोधा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

निळी_शाई
खूप आभार सगळ्यांचे. ह्यांना धागा वाचायला दिलाय, आता ते हातोडी शोधतायत. रविवारी आधी व्हेगा बघतो, बीमचे फोटो टाकते इथे.