पुनरुत्थानाच्या पहाटे त्या आईला काय सांगावे?

पांझराकाठ (साक्री तालुका):

सर्वांना नमस्कार. आमच्या मंडळीत ईस्टरची उपासना पहाटे साडेपाच वाजता गावाबाहेरच्या कबरस्तानात होते. यंदा पाळकसाहेब परगावी असल्यामुळे संदेश देण्याचे काम माझ्यावर आले आहे. मी शाळामास्तर आहे, धर्मशास्त्र शिकलेला नाही. एरवी शास्त्रवाचन आणि थोडे विवेचन मी निभावून नेले असते. परंतु गेल्या पावसाळ्यात बांधाच्या वादातून आमच्या मंडळीतल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाला कुऱ्हाडीच्या दांड्यांनी मारून टाकण्यात आले, आणि आम्ही ज्या निंबाखाली उभे राहून गीते म्हणतो, तेथून दहा पावलांवर त्याची कबर आहे. तिच्यावरची माती अजून पुरती बसलेली नाही.

त्याची आई एकही उपासना चुकवत नाही. परवा तिने मला चर्चच्या ओट्यावर थांबवून विचारले, “आपला प्रभू तिसरे दिन उठना, मंग मना पोऱ्या कवय उठी?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणे अधिकच अवघड झाले. “शेवटच्या दिवशी” हे उत्तर मला पाठ आहे. आपला भाऊ लाजर मेल्यावर मार्थेनेही येशूला तेच पाठ केलेले उत्तर दिले होते, आणि येशू तेवढ्यावर थांबला नव्हता.

दुसरी गोष्ट अशी की, मंडळीतीलच दोन वडीलधारे तिला सांगत आहेत की आपण ख्रिस्ती लोक, आपण क्षमा करावी, आरोपींकडचे लोक देतात ते पैसे घ्यावेत आणि प्रकरण आपसात मिटवावे. खटला धुळ्याच्या सत्र न्यायालयात आहे आणि दोन्ही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आमच्याच मंडळीतले आहेत. अशा वेळी “तो उठला आहे” या वाक्याचा अर्थ मी त्या कबरेजवळ उभा राहून काय सांगू?

बोरीकाठचा वाचक (अमळनेर):

गुरुजी, मी ख्रिस्ती नाही. अनेक वर्षे तत्त्वज्ञान शिकवले आहे, आणि तुमच्या प्रश्नातला प्रामाणिकपणा पाहून लिहितो आहे. मृत्यूनंतर सर्व नीट होईल, हे आश्वासन दुबळ्याला आज गप्प बसवण्यासाठी फार सोयीचे असते, आणि तुमच्या त्या दोन वडीलधाऱ्यांनी त्याचा नेमका तोच उपयोग केला आहे. दुसरे असे की, या सणाच्या नावावरही रक्त आहे. १९०३ साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरात ज्यूंची जी कत्तल झाली, ती ईस्टरच्याच रविवारी सुरू झाली आणि तीत ४९ माणसे मारली गेली. मारणाऱ्यांनीही “तो उठला आहे” असेच म्हटले असणार. तेव्हा ज्या श्रद्धेने हिंसा थांबली नाही, उलट कधी कधी तिला हातभार लागला, तिचा हिंसक जगात अर्थ काय, हा प्रश्न मीही तुमच्याबरोबर विचारतो. त्या माउलीला मात्र हे सांगू नका.

जुना शिरस्तेदार (धुळे):

गुरुजी, माझी सारी नोकरी फौजदारी न्यायालयात गेली, म्हणून आधी एक खुलासा. खुनाच्या गुन्ह्यात तडजोड होत नाही. फिर्यादी पक्षाने कितीही क्षमा केली तरी खटला सरकारचा असतो आणि तो चालतोच. मग “मिटवा” याचा व्यवहारातला अर्थ एकच उरतो, तो म्हणजे साक्षीदारांनी पिंजऱ्यात उभे राहून “मी काही पाहिले नाही” असे म्हणावे. अशी फितुरी मी किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. माणूस खाली मान घालून बोलतो, सरकारी वकील आधीचा जबाब वाचून दाखवतात, तो “मी असे सांगितले नव्हते” म्हणतो, आणि मागच्या बाकावर बसलेल्या आईला काय झाले हे कळायच्या आत पुढचे प्रकरण पुकारले जाते. तेव्हा तिच्याकडे मागितली जाते ती क्षमा नाही, खोटी साक्ष आहे, हे त्या वडीलधाऱ्यांना कुणीतरी तोंडावर सांगायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नव्या करारातील पुनरुत्थानाच्या कथा मी निवृत्तीनंतर पुन्हा वाचल्या, तेव्हा माझ्या सवयीच्या डोळ्यांना त्या सगळ्या साक्षीपुराव्याच्या कथा दिसल्या. येशूचा मृत्यू म्हाताऱ्या माणसाचा अंथरुणातला मृत्यू नव्हे. पंतय पिलात या रोमी सुभेदाराच्या हुकुमाने, कायदेशीर शिक्का मारून केलेला तो वध होता. देवाने त्याला उठवले याचा पहिला अर्थ असा, की तो निकाल वरच्या न्यायासनाने फिरवला. आपल्याकडेही अपिलात निकाल फिरतात. पण शिक्षेची अंमलबजावणी होऊन गेल्यावर फिरलेल्या निकालाने माणूस परत येत नाही. जे कोणत्याही न्यायालयाच्या अधिकारात नाही, ते येथे घडले असे ही श्रद्धा म्हणते. मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तर कबरेवरच्या पहारेकऱ्यांना पैसे देऊन सांगितले जाते की, आम्ही झोपलो असताना शिष्यांनी प्रेत चोरून नेले, असे म्हणा. दोन हजार वर्षांत या धंद्याची रीत बदललेली नाही! उलट प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना ताकीद दिली जाते की गप्प राहा, आणि ते उत्तर देतात की जे आम्ही पाहिले आणि ऐकले ते बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. ‘साक्षी’ या अर्थाचा तेथला ग्रीक शब्द ‘मार्तुस’ असा आहे, आणि पुढे तोच शब्द हुतात्म्याला लागला, कारण साक्ष न फिरवणाऱ्याचे काय होते हे लोकांनी पाहिले होते.

अमळनेरच्या सरांचा आक्षेप मी टाळणार नाही. किशिनेव्हची गोष्ट खरी आहे आणि तिला उत्तर नाही, लाज मात्र आहे. परंतु पुनरुत्थानाची आशा गप्प बसवण्यासाठी जन्मली, हे इतिहासाला धरून नाही. ज्यू लोकांमध्ये ही कल्पना स्पष्टपणे पुढे आली ती अंतियोखस राजाच्या छळाच्या काळात, इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, जो आम्हा प्रोटेस्टंटांच्या शास्त्रात नाही, सात भाऊ आईच्या डोळ्यांसमोर एकामागून एक मारले जातात आणि मरताना त्या राजाला तोंडावर सांगतात की तू घेतलेले हे शरीर देव आम्हाला परत देईल. ते भाऊ राजाचे ऐकत नाहीत, म्हणूनच तर मारले जातात. प्रश्न “मेल्यावर माझे काय होईल” हा नव्हता. निरपराध माणसाला मारणाऱ्याचा शब्द शेवटचा ठरणार का, हा होता.

सातपुड्याची परिचारिका (नवापूर तालुका):

गुरुजी, शिरस्तेदार काकांनी न्यायाचे सांगितले, मी जखमांविषयी थोडे लिहिते, कारण माझे आयुष्य मलमपट्टीत गेले आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात शिष्य भीतीने दारे लावून बसले आहेत, आणि येशू आत येऊन “तुम्हांस शांती असो” म्हणतो. त्यानंतर तो त्यांना आपले हात आणि कूस दाखवतो. पापांच्या क्षमेचा विषय त्याच्याही नंतर, तेविसाव्या वचनात येतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. उठलेल्या शरीरावरही खिळ्यांचे व्रण आहेत. देवाने ते बुजवून कोरे शरीर दिलेले नाही, आणि थोमाने ते पाहायला मागितले तेव्हा त्याला हाकलून दिलेले नाही. ज्या क्षमेत आधी जखम झाकायची अट असते, ती या अध्यायातली क्षमा नव्हे. शिवाय वधस्तंभावरून क्षमेची प्रार्थना केली ती ज्याला मारले जात होते त्याने स्वतः. बाजूला उभ्या असलेल्या कुणा पुढाऱ्याने त्याच्या आईला, मरीयेला, “आता तू क्षमा कर” असे सांगितल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

१९९९ साली ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली हे आपण सगळेच संदेशांत सांगतो. पण खटला चालला, शिक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे सांगायचे राहून जाते. त्यांची क्षमा त्यांची स्वतःची होती आणि तिच्यासाठी कुणाला साक्ष फिरवावी लागली नाही.

आणखी एक विनंती. त्या पहाटे मार्काचा सोळावा अध्याय वाचणार असाल, तर आठव्या वचनावर थांबा. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते शुभवर्तमान तेथेच संपते: स्त्रिया कबरेपासून पळाल्या, थरथर कापत होत्या, आणि भीतीमुळे त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. तुमच्या त्या दोन साक्षीदारांना हे वचन ऐकू द्या. भ्यायलेल्या माणसांपासूनच ही बातमी सुरू झाली आहे. आणि त्या आईच्या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नका. तिने तो कबरस्तानात पुन्हा विचारला, तर सगळ्यांना ऐकू येईल असा विचारू द्या.

बोरीकाठचा वाचक (अमळनेर):

शिरस्तेदारसाहेब, सात भावांचा मुद्दा मान्य. श्रद्धा खरी की खोटी यावर माझे मत बदललेले नाही, पण ती गप्प बसवते हे माझे विधान मी या प्रकरणापुरते मागे घेतो. साक्षीदार टिकले तर कळवा.

पांझराकाठ (साक्री तालुका):

सर्वांचे आभार. काल त्या दोन साक्षीदारांपैकी थोरल्याच्या घरी जाऊन आलो. संदेशाविषयी काही बोललो नाही, फक्त उपासनेत मार्काचे वाचन त्याने करावे असे विचारले. तो बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिला आणि मग “किती वचने?” एवढेच म्हणाला. मी आठ म्हटले.

शिरस्तेदार काका, एक व्यवहाराची गोष्ट विचारायची राहिली. मुलाच्या अंगावरचा निळा शर्ट पोलिसांनी पंचनाम्यात जप्त केला होता. तो परत मिळेल का, असे आई विचारते आहे. तिला तो धुवायचा नाही म्हणते.

जुना शिरस्तेदार (धुळे):

गुरुजी, शर्ट मुद्देमालात आहे. खटला संपेपर्यंत तो मिळणार नाही आणि मिळूही नये, कारण तो पुरावा आहे. परंतु लक्षात ठेवा, रक्ताचे कपडे निरुपयोगी समजून अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत, असा आदेश निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात बहुधा असतो. म्हणून निकालाआधीच सरकारी वकिलांच्या कानावर घाला आणि आईच्या नावाने साधा अर्ज देऊन ठेवा. मजकूर मी लिहून देतो. सोमवारी अकराच्या सुमारास न्यायालयाच्या दाराशी या, तिलाही बरोबर आणा.