मदत हवी आहे: हरकतीच्या मुद्द्यावर परीक्षकांनी लगेच निर्णय द्यायला नको का?

पूर्वपक्ष: परवा वादविवाद स्पर्धेची पुढची फेरी आहे, त्यामुळे नेमके उत्तर हवे आहे. समोरच्या संघाने शेवटच्या भाषणात नवा मुद्दा आणला, म्हणून मी हरकतीचा मुद्दा, म्हणजे नियमभंगाची तक्रार, मांडला. परीक्षकांनी 'विचाराधीन' एवढेच म्हटले आणि आम्ही हरलो. तिथल्या तिथे निर्णय देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही का?

काटेकोर: स्पर्धेची पद्धत कोणती, हे आपण सांगितलेले नाही. चार संघांच्या ब्रिटिश पद्धतीत पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून माहितीचा मुद्दा, म्हणजे भाषण चालू असताना वक्त्याला छोटा प्रश्न, विचारता येतो. हरकतीचा मुद्दा जागतिक विद्यापीठ स्पर्धेच्या नियमांत बसतच नाही.

नियमपोथी: लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम 376 पाहावा. हरकतीचा मुद्दा सभागृहाचे नियम किंवा कामकाजाशी संबंधित घटनेतील अनुच्छेद यांच्या अर्थाविषयी वा अंमलबजावणीविषयीच असावा लागतो. केवळ माहिती विचारण्यासाठी किंवा स्वतःची भूमिका स्पष्ट करण्यासाठी तो मांडता येत नाही. त्यावर चर्चाही होत नाही, मात्र अध्यक्षांना योग्य वाटल्यास निर्णयापूर्वी ते सदस्यांचे म्हणणे ऐकून घेऊ शकतात.

काटेकोर: प्रश्न स्पर्धेचा आहे, सभागृहाचा नव्हे.

नियमपोथी: स्पर्धेने संज्ञा सभागृहाकडूनच उचलली आहे; मूळ ठाऊक नसले की असे घोटाळे होतात.

पूर्वपक्ष: दोन संघ, सहा भाषणे. शेवटची दोन खंडनाची, आमचे 4 मिनिटांचे आणि प्रस्ताव पक्षाचे 5 मिनिटांचे. हे सर्वांना ठाऊक असेल असे मी गृहीत धरले होते.

काटेकोर: म्हणजे ही अमेरिकी पद्धत आहे. तिच्यात खंडनाच्या भाषणांत नवा युक्तिवाद आणता येत नाही, आणि तो आल्यास हरकतीचा मुद्दा मांडता येतो. हरकत एका-दोन वाक्यांत सांगायची असते आणि तेवढा वेळ वक्त्याच्या वेळेतून कापला जात नाही. परीक्षक हरकत मान्य करतात, अमान्य करतात किंवा विचाराधीन ठेवतात. तेव्हा 'विचाराधीन' हाही नियमातलाच निर्णय आहे. तो नवा मुद्दा नेमका कोणता होता?

शाईचा_डाग: मी परीक्षण करतो. माझा सल्ला एकच: प्रत्येक भाषणाला कागदावर एक उभा रकाना द्यावा आणि उत्तराचा बाण मूळ मुद्द्याकडे न्यावा. ज्याच्याकडे बाण पोहोचत नाही, तो मुद्दा नवा.

काटेकोर: हा सल्ला अपुरा आहे. जुन्या युक्तिवादाला आधार देणारे नवे उदाहरण खंडनातही चालते. बाण नसला म्हणून ते बाद होत नाही.

पूर्वपक्ष: विषय सक्तीच्या मतदानाचा होता. अशा कायद्याची अंमलबजावणी अशक्य आहे, असे आमच्या दुसऱ्या वक्त्याने सांगितले होते. त्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियात 1924 पासून असा कायदा असल्याचे सांगितले. ऑस्ट्रेलिया हा शब्द तोपर्यंत कोणीही उच्चारला नव्हता.

काटेकोर: अंमलबजावणीचा आक्षेप आपल्या पहिल्या वक्त्याने घेतला होता का?

पूर्वपक्ष: नाही. तो दुसऱ्यासाठी मुद्दाम राखून ठेवला होता.

काटेकोर: मग आपल्या दुसऱ्या भाषणात प्रथमच आलेल्या आक्षेपाला उत्तर देण्याची प्रस्ताव पक्षाला त्यानंतरची पहिली संधी शेवटच्या भाषणातच मिळते. म्हणून त्या उत्तरापुरता नवा युक्तिवाद करण्याची मुभा नियमानेच त्यांना दिलेली आहे. परीक्षकांनी ती हरकत सरळ अमान्य केली असती, तरी चुकले नसते.

शाईचा_डाग: माझ्या रकान्यात बाण बरोबर पोहोचतो आहे.

पूर्वपक्ष: समजले. तो आक्षेप आता पहिल्याच भाषणात घेऊ.