क्विल म्हणजे पीस की साळिंदराचा काटा?

सातारकरीण:
मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. लेकीला शाळेतून एक इंग्रजी उतारा मराठीत करून आणायला सांगितलाय, त्यात जुन्या काळातला कोणी कारकून मेणबत्तीच्या उजेडात क्विल शाईत बुडवून पत्र लिहितोय. तिने मोबाइलवर शब्द टाकला, उत्तर आलं साळिंदराचा काटा, आणि बाईसाहेबांनी बिनधास्त लिहून टाकलं की कारकुनाने साळिंदराचा काटा दौतीत बुडवला. मी हसून हसून बेजार, पण मग मीच अडकले. दोन्हीला एकच शब्द कसा काय? काट्याने कोणी लिहायचं का? आणि मराठीत म्हणायचं काय, टाक की बोरू?

बोरूबहाद्दर:
लेकीला मार्क द्या, नाव तरी प्राण्याचंच काढलं तिने 😄 कारकुनाच्या हातात पीस असणार, बहुतेक गूसचं, म्हणजे ते मोठं पांढरं हंसासारखं बदक. पंखाच्या टोकाकडची चार-पाच मोठी पिसं घेतात, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखातलं बरं पडतं, बाक हाताच्या बाहेर जातो म्हणून. सुलेखनाच्या नादात मी करून बघितलंय. पीस तसंच कापलं तर टोक मऊ पडतं आणि कागदावर फेंगडतं, म्हणून कढईत वाळू तापवायची (घरच्यांच्या शिव्या खात), दांडा त्यात थोडा वेळ खुपसायचा, मग ती दुधाळ नळी काचेसारखी दिसायला लागते आणि कडक होते. आतला सुका पापुद्रा ओढून काढायचा, तिरका काप द्यायचा, मधोमध बारीक चीर. चीर हुकली की पीस गेलं, माझी पहिली तीन अशीच गेली. पेननाइफ म्हणतात तो चाकू मुळात याच कामाचा, आणि पेन शब्द लॅटिन पेन्नावरून आलाय, पेन्ना म्हणजे पीस. सिनेमात झुपकेदार पीस दाखवतात ते शोभेचं, रोज लिहिणारे बोटांना लागणारा भाग खरडून टाकायचे.

टाक लिहू नका, त्याला धातूची निब असते. बोरूही नको, तो बरू नावाच्या पोकळ गवताच्या काडीचा, पेशव्यांच्या काळातले मोडी कागद त्याने लिहिलेत. सरळ पिसाची लेखणी म्हणा.

माडाखालचा:
काट्याबद्दल मी सांगतो, आमच्या बागेत साळिंदर दरवर्षी माडाची रोपं खाऊन जातं त्यामुळे ओळख जुनी आहे. पाठीवरचा मोठा काटा आत भेंडासारखा भरलेला असतो, शाई कुठे धरणार. युरोपात मात्र त्या काट्याला पुढे निब बसवून टाकाचा दांडा करायचे. काटा म्हणजे मुळात केसच, जाड आणि कडक झालेला.

आणि साळिंदर काटे फेकून मारतं ही थाप आहे. आधी शेपटीकडचे पोकळ काटे खुळखुळ वाजवतं, तरी कोणी ऐकलं नाही तर पाठ करून उलटं अंगावर येतं, काटे सैल असतात ते समोरच्याच्या अंगात राहतात. आमचा कुत्रा मोत्या एकदा पहाटे तोंडात चार काटे घेऊन आला, काकाने मांडीत डोकं दाबून धरलं आणि मी पक्कडीने ओढले. तीन सरळ निघाले, चौथ्याचं टोक आत मोडलं आणि गाल पंधरा दिवस पिकला. तरी आपल्याकडच्या काट्याला उलटे दात नसतात, अमेरिकेतल्या साळिंदराला असतात, आणि काटे तीसेक हजार. वाघही सुटत नाही, शिकारी जिम कॉर्बेटने मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीचा साळिंदराशी झटापटीत एक डोळा गेला होता आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले होते.

रानात काटा सापडला तर तिथेच ठेवा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याची भानगड आहे.

जुनी पोथी:
काट्याने अक्षर नाही पण भांग पाडायचे. सीमंतोन्नयन संस्कारात नवऱ्याने गरोदर बायकोचा भांग साळिंदराच्या काट्याने पाडायचा असं गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत आहे, तोही तीन पांढरे ठिपके असलेला. संस्कृतात त्याला शलली म्हणतात.

कांडीवाला:
एकच शब्द कसा, याचं उत्तर आमच्याकडे आहे. मागावर धोट्यात, म्हणजे इकडून तिकडे फिरणाऱ्या शटलमध्ये, बाण्याची (आडव्या सुताची) जी कांडी बसते ना, तिलाही इंग्रजीत क्विल म्हणतात. म्हणजे जुना अर्थ पोकळ देठ किंवा नळी, पिसाच्या दांड्याला तो चिकटला, आणि काटा दिसायला तसाच म्हणून त्यालाही. आमच्या आईने आयुष्यभर कांड्या भरल्या, ती क्विल भरत होती हे तिला आज सांगितलं तर म्हणाली, बरं, मजुरी वाढवून देतायत का?

सातारकरीण:
आईंना नमस्कार सांगा 😂 पिसाची लेखणी फायनल. पण लेक आता म्हणतेय करूनच बघू या, तर बोरूबहाद्दर, कोंबडीचं पीस चालेल का?

बोरूबहाद्दर:
फार बारीक पडतं हो, बोटात धरवत नाही. टर्कीचं मिळालं तर बघा. कढई मात्र जुनी घ्या.