रविवारची रेकॉर्ड-बैठक: हेडशेलवर नाणं कुणी चिकटवलं?

ए-७०१: नमस्कार. सोसायटीच्या टर्नटेबलच्या हेडशेलवर (सुई धरणाऱ्या टोकावर) सेलोटेपने चिकटवलेलं रुपयाचं नाणं सापडलं. कुणाची ही अक्कल?

सी-१०४: सुई उडत होती काका. नुसतं बघत बसायचं का?

ए-७०१: टेबल डुगडुगतं म्हणून उडते. पायाखाली पुठ्ठा घाला, स्पिरिट लेव्हल लावून बघा. आपल्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, २ ग्रॅम भार पुरतो. नाणंच ३ ग्रॅमच्या वर! ५ ग्रॅमने रेकॉर्डची खाच घासली की वरचे स्वर फाटतात, ते कायमचे.

बी-३०३: हॉल १० ला बंद. चावी ९.४५ ला परत हवी.

डी-६०२: आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का येत होता?

ए-७०१: कुणीतरी वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे साध्या इनपुटमध्ये, खुपसली. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात, वरचे स्वर चढवतात. फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डसाठीचं खास सर्किट, ते उलटं करून देतो, ऑक्स देत नाही. त्यात कार्ट्रिजमधून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. ग्राउंडची वायरही स्क्रूला बांधा, घूंऽऽ जाईल.

सी-१०४: "कुणीतरी" कशाला? नाव घ्या की सरळ.

बी-२०१: पुरे आता 🙏 "आवड घडवणारे अल्बम" असं ठरलंय ना? माझ्याकडून 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७.

डी-६०२: +१. संतूर, बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. वा!

ए-७०१: तबल्यावर माणिकराव पोपटकर, त्यांना कुणी मोजतच नाही. पण वहिनी, पहिल्या बाजूचा अहीर भैरव सकाळचा राग, तो रात्री ८ ला?

बी-२०१: काका, काश्मीरमधल्या मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे तो. क्रम मोडला तर उरलं काय?

ए-७०१: दुसरी बाजू भूपने सुरू होते, मग देस, पहाडी. रात्रीला तीच आधी.

डी-६०२: पहिली बाजू सकाळी ६ ला लावू, पाण्याच्या वेळेला 😄

सी-१०४: पाणी आलं तर! टँकरच्या बिलाचं काय झालं?

बी-३०३: विषयाला धरून बोला. हॉल १० ला बंद.

बी-१०२: 'शिवकल्याण राजा' घ्या. १९७४, राज्याभिषेकाची ३०० वर्षं. भूषण, रामदास, कुसुमाग्रज एकाच तबकडीवर. मुलांनी हे ऐकायलाच हवं.

बी-२०१: मुलं येतील का पण?

बी-३०३: कपाटातल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या) रेकॉर्डपण लावा. सॅनिटायझरने पुसून ठेवतो.

ए-७०१: थांबा!! त्या लाखेच्या आहेत. अल्कोहोलने लाख विरघळते, खाचाच जातील. डिस्टिल्ड पाणी, थेंबभर भांड्यांचं लिक्विड, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने गोल. लेबल भिजवू नका. लगेच कोरडं करा आणि उभ्या ठेवा.

बी-३०३: बरं. सूचना नीट शब्दांतही देता येते.

ए-७०१: आणि एलपीची, म्हणजे नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डची, सुई ७८ ला लावायची नाही. ७८ ची खाच रुंद, बारीक सुई तळाशी घासते. वेगळी, जाड सुई लागते.

सी-१०४: ती कुणाच्या खर्चाने? मेंटेनन्समधून असेल तर माझा विरोध लिहून घ्या.

बी-२०१: या वेळी ७८ राहू देत. दुसरी बाजू आधी, मग 'शिवकल्याण राजा'. ८ ला या. सतरंज्या कुणाकडे आहेत?