मदत हवी आहे : फायबर असूनही राउटर सगळं रेडिओवरूनच पाठवतो

बर्डीचा_भाऊ
दोन दिवसांपासून डोकं खराब करून राहिलं हे. सीताबर्डीच्या ऑफिसातून वाडीच्या गोडाऊनला दोन लिंक. जुनी गच्चीवरची रेडिओ, नवी फायबर. फायबरचा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला रस्ता) टाकला, तरी ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या राउटरांमधून जातं ते दाखवणारी कमांड) मारला की दोन नंबरचा हॉप, म्हणजे वाटेतला राउटर, रेडिओच्या पलीकडचा. बिलिंगची एंट्री केली की स्क्रीन गोठते आणि शेठ मागे उभे. लवकर सांगा. रीस्टार्ट झालाय, ते सांगू नका.

तर्रीपोहे
रीस्टार्ट म्हणजे प्लग काढून पाच मिनिटं थांबला होता का?

जुना_केबलवाला
राउटर कोणता? रेडिओवर रस्ता ठरवणारा प्रोटोकॉल कोणता? रूट नेमका काय लिहिला? भाऊ, यातलं एकही तुम्ही सांगितलं नाही.

बर्डीचा_भाऊ
सिस्को. रेडिओवर ओएसपीएफ (राउटर आपसात बोलून रस्ते शिकतात तो), फायबरवर फक्त स्टॅटिक. रेडिओची कॉस्ट (ओएसपीएफमधला रस्त्याचा 'खर्च', कमी तो बरा) वाढवून २०० केली, तरी ढिम्म.

मिलिंद_जी
आमच्याकडे बारा वर्षं रिप (तसलाच जुना प्रोटोकॉल) चालू आहे, कधी त्रास नाही. ओएसपीएफ म्हणजे उगाच डोकेदुखी.

जुना_केबलवाला
रिप फक्त हॉप मोजतो, वेग बघत नाही. रेडिओही एक हॉप, फायबरही एक हॉप. आणि १६ हॉप म्हणजे त्याच्या लेखी रस्ताच नाही.

मिलिंद_जी
वाडीला जायला १६ हॉप लागतात का हो?

संत्रावाडी
वायफायचा चॅनल १, ६ किंवा ११ ठेवून पाहा. माझं तसंच ठीक झालं.

बर्डीचा_भाऊ
वायफाय नाहीये हो यात कुठे!

रेशीमबाग_०७
स्टॅटिकचं डिस्टन्स (रूट कुठून कळला त्यावरून त्याच्या भरवशाचा आकडा) १, ओएसपीएफचं ११०. कमी तो जिंकतो, म्हणजे स्टॅटिकच लागायला हवा. राउटरमध्ये बग आहे, फर्मवेअर बदला.

जुना_केबलवाला
थांबा. डिस्टन्स बघायची वेळ नंतर येते. आधी राउटिंग टेबल (राउटरकडची रस्त्यांची यादी) इथे टाका.

बर्डीचा_भाऊ
एस १०.२०.०.०/१६ [१/०] फायबर
ओ १०.२०.५.०/२४ [११०/२०१] रेडिओ
(एस म्हणजे स्टॅटिक, ओ म्हणजे ओएसपीएफ, कंसात डिस्टन्स/कॉस्ट; १०.२०.५.० हा वाडीचा पट्टा.) पुढे अजून गोडाऊन येतील म्हणून १६ लिहिला. त्यात काय बिघडलं?

जुना_केबलवाला
तिथेच तर बिघडलं. पॅकेट आलं की राउटर आधी सगळ्यात नेमका जुळणारा पत्ता शोधतो. तिरप्या रेघेनंतरचा आकडा मोठा तितका पट्टा लहान, म्हणून २४ हा १६ पेक्षा नेमका. रविनगर चौकात एक पाटी 'अमरावती रोड'ची आणि एक खास 'वाडी'ची असली, तर वाडीवाला कुठली बघेल? डिस्टन्सची तुलना दोन्ही रूटचा पत्ता आणि रेघेनंतरचा आकडा अगदी सारखे असतील तेव्हाच. आणि कॉस्ट तर ओएसपीएफच्या आपसातली, म्हणून तुमच्या २०० नं काही हललं नाही. १०.२०.५.०/२४ चा स्टॅटिक फायबरवर लिहा.

रेशीमबाग_०७
बरोबर, मी तेच म्हणत होतो.

तर्रीपोहे
तुम्ही फर्मवेअर म्हणत होता.

बर्डीचा_भाऊ
लिहिला. ट्रेसरूट फायबरवरून! पण रेडिओच्या ट्रॅफिकचा ग्राफ अजून अर्ध्यावरच अडकलाय.

जुना_केबलवाला
ट्रेसरूट जाण्याचाच रस्ता दाखवतो. परत येताना वाडीचा राउटर आपल्या टेबलातून ठरवतो. तुमचा बर्डीच्या पत्त्यांचा पट्टा त्याला ओएसपीएफनं रेडिओवरूनच माहीत आहे. तिथेही तसाच नेमका रूट लिहा.

रेशीमबाग_०७
आणि फायबर तुटली तर?

जुना_केबलवाला
हा प्रश्न बरोबर. पोर्ट खाली गेला तर स्टॅटिक टेबलातून निघतो आणि रेडिओ आपोआप पुढे येतो. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडणारं उपकरण) असला तर तार तुटूनही पोर्ट चालूच दिसतो आणि पॅकेट खड्ड्यात. रूटला पिंगचं ट्रॅकिंग लावा, म्हणजे पलीकडून उत्तर थांबलं की रूट निघेल.

संत्रावाडी
रेडिओ काढूनच टाका ना. ४५ डिग्रीत गच्चीवर तो डबा भाजत असेल.

बर्डीचा_भाऊ
डबा राहू द्या. वाडीच्या राउटरचा पासवर्ड जुन्या पोराकडे आहे, तो पुण्याला गेलाय. फोन लावून राहिलो.