नव्या गाडीचा पत्रा डीलरच्या यार्डात रंगवलेला निघाला, तर डिलिव्हरी नाकारायची का?

प्रतापनगर:
माझं मत सरळ आहे. हो, नाकारायची. छप्पर, बोनेट, दारं, मडगार्ड, डिक्की यांतला पत्र्याचा एकही भाग कारखान्याबाहेर रंगवलेला असेल तर ती गाडी नवी म्हणून घेऊ नये. दुसरा चेसिस नंबर मागावा.

कारण रंगाच्या जातीत आहे. कारखान्यात नुसता सांगाडा असतो, म्हणून प्रायमरची भट्टी १६० ते १८० अंशांवर आणि वरच्या रंगाची १४० अंशांच्या आसपास चालते. गाडी तयार झाली की आत प्लास्टिक, वायरिंग, रबर आलेलं असतं, त्यामुळे वर्कशॉपच्या बूथमध्ये ६० अंशांच्या फार पुढे जाता येत नाही. तिथे हार्डनर मिसळून वाळणारा वेगळा रंग मारतात. घाईत मारला असेल तर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आधी छपरावर आणि बोनेटवर सुटतो. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसलेल्या नागपुरात हे किरकोळ नाही.

तपासणी पासिंगच्या (आरटीओ नोंदणीच्या) आधी, गाडी धुऊन कोरडी करून, सकाळच्या तिरप्या उन्हात करा. शोरूमच्या दिव्यांत काही कळत नाही. रंगाची जाडी मोजायचं मीटर आधी सोबतच्या पट्टीवर शून्य करून घ्या. प्रत्येक भागावर पाच ठिकाणी मोजा, चार कोपरे आणि मध्य. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. सगळी गाडी ११० दाखवते आणि एकच दार २३० दाखवतं, तर ते दार पुन्हा रंगवलंय. ४००-५००च्या पुढे गेलं की खाली पुट्टी धरा. प्लास्टिक बंपरवर हे मीटर चालत नाही, आणि बोनेट अॅल्युमिनियमचं असेल तर दोन्ही धातूंवर चालणारंच मीटर लागतं.

मीटर नसेल तर मागच्या दिव्याजवळ उकिडवे बसा, डोळा दाराच्या पातळीला आणा आणि कुंपणाच्या गजांचं प्रतिबिंब दारावरून पुढपर्यंत कसं जातं ते पाहा. जिथे गज अचानक वाकतो, तिथे बोट फिरवा.

हिंगणा रोड:
प्रतापनगर भाऊ, मोजायची पद्धत बरोबर आहे, निष्कर्ष चुकून राहिला. जास्त मायक्रॉन म्हणजे जास्त थर, एवढंच. कारखान्यातही दुरुस्तीची लाइन असते. रंगात कण अडकला, ओघळ आला, तर तो भाग तिथेच घासून पुन्हा रंगवतात, आणि १८०-२०० आकडा तिथूनच घेऊन गाडी बाहेर पडते. त्या आकड्यावर गाडी परत केली तर चांगली गाडी सोडून यार्डातली दुसरी, कदाचित जुनी, पदरात पडते.

भाग उघडला होता का, हे शोधा. मडगार्डचे आणि बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. कडांवरचा रंग फुटला असेल तर पाना लागलाय. पण शेवटच्या लाइनवर दारं-बोनेट जुळवतानाही पाना लागतो, म्हणून एका बोल्टवर निकाल देऊ नका. एकाच बाजूचे सगळे बोल्ट हललेले, शिवाय त्या बाजूच्या हेडलाइटचा ब्रॅकेट कोरा, मग संशय पक्का.

बोनेटच्या आतल्या कडेच्या सीलंटवर नख दाबा. कारखान्याची रेघ एकसारखी आणि टणक, तिच्यावर रंग चढलेला. हातानं भरलेल्या रेघेत नख रुततं, कुठे बोट फिरवल्याची खूण दिसते. दाराचं रबर ओढून पाहा, मास्किंग टेपच्या जागी रंगाची धार बोटाला लागते.

आणि सगळ्यात भक्कम पुरावा तारखांचा. हेडलाइट, काचा, सीटबेल्ट यांवर बनल्याचा महिना-वर्ष असतो. गाडी मार्चची आणि डावा हेडलाइट मे महिन्याचा, तर तो कारखान्यात बसलेला असू शकत नाही. इथे वाद संपतो. जुने सुटे भाग मात्र चालतात, ते साठ्यातून येतात.

माझा हिशेब असा: बोनेटवर किंवा दारावर नुसता ओरखडा रंगवलाय, पत्रा सरळ आहे, तर लेखी घेऊन, किंमत कमी करून गाडी घ्यायला हरकत नाही. अॅप्रन (मडगार्डच्या आतला पत्रा), पिलर (छप्पर धरणारा खांब) किंवा चेसिसच्या दांड्याला हात लागला असेल, तर फुकटातही नको.

प्रतापनगर:
ओरखडाच होता हे ठरवणार कोण? ज्यानं लपवला तोच. अमेरिकेत याच मुद्द्यावर खटला झाला. जर्मनीहून येताना रंग खराब झालेली बीएमडब्ल्यू तिथे पुन्हा रंगवून, न सांगता नवी म्हणून विकली गेली. दुरुस्ती किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर सांगायचं नाही, असं कंपनीचं धोरणच होतं. रंगवायचा खर्च सुमारे ६०० डॉलर, पण ज्युरीनं किमतीतली घट ४,००० डॉलर धरली, म्हणजे गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा. दंडाची अवाढव्य रक्कम १९९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जास्त ठरवली, ते वेगळं. रंग उत्तम होता तरी गाडीचं मोल घटलं, हे महत्त्वाचं. तुम्ही म्हणता ती सूट पाच-दहा हजारांची असते. विकताना समोरचाही मीटर घेऊनच येणार.

सिव्हिल लाइन्स:
दोघांचंही म्हणणं ऐकलं, पण गाडी तुमच्या नावावर चढल्यावर यातलं फारसं हाती राहत नाही. पूर्ण बांधणीची नवी मोटार आता आरटीओत नेऊन दाखवावी लागत नाही. नागपूरचा नंबर एमएच ३१ असो, ४९ असो की ४०, विक्रेता आणि तुम्ही यांच्याशिवाय तिसरा माणूस गाडी बघतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: चेसिस नंबर मिळवा, तपासणी करा, मग उरलेली रक्कम आणि मग पासिंग. फॉर्म २१ मध्ये, म्हणजे डीलरच्या विक्री दाखल्यात, बनल्याचा महिना-वर्ष असतो. तो गाडीवरच्या पाटीशी जुळवा.

नंतर 'गाडीच बदलून द्या' म्हणणं अवघड का, तेही सांगते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं एका मोटारीच्या खटल्यात धरलं की वॉरंटीतली जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. २०२१च्या निकालात २००९ची गाडी २०११ची म्हणून विकली गेली होती. तिथे कंपनीला माहीत होतं हे सिद्ध झालं नाही, म्हणून कंपनी सुटली आणि जबाबदारी डीलरवर राहिली. त्यामुळे तक्रारीत डीलरला पक्षकार करायला विसरू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचं प्रकरण चालतं, मुदत २ वर्षं. दोष उघड्या डोळ्यांना दिसणारा नसेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली प्रयोगशाळेची तपासणी मागता येते. आपल्या मीटरचे फोटो उपयोगी पडतात, पण ते तज्ज्ञाच्या अहवालाची जागा घेत नाहीत. आयोगाआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा.

वाडी नाका:
तुम्ही सगळे रंगावरच काहून अडून राहिले? रंग दिसतो तरी. पाणी दिसत नाही. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या किती गाड्या पाण्यात गेल्या, ते शहरानं पाहिलं. पावसाळ्यानंतर यार्डातली गाडी घेत असाल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पट्ट्यावर मातकट रेघ दिसते का पाहा. सीट पुढे सरकवून रुळांचे बोल्ट पाहा, गंज आहे का. पायाखालच्या मॅटच्या खालचा फोम मुठीत दाबा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात लावू नका, नुसती हिरवट बुरशी आहे का तेवढं पाहा.

उभ्या गाडीची दुसरी खोड बॅटरी. रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट हवेत. १२.२च्या खाली गेली तर ती बरेच दिवस उपाशी आहे, नवी मागा. टायरवरचे चार आकडे वाचा, २२२५ म्हणजे २०२५चा बाविसावा आठवडा. इंजिनाच्या झाकणाखाली उंदरानं कुरतडलेला फोम आणि लेंड्या शोधा. एक वायर तुटली तर दिवा लागतो, अर्धी कुरतडली तर सहा महिन्यांनी त्रास देते.

बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावता आला तर 'कोड पुसल्यापासून धावलेलं अंतर' हा आकडा काढा. मीटरवर ३८ किलोमीटर आणि तिथे २, म्हणजे कुणीतरी मेमरी साफ केली.

हिंगणा रोड:
त्यातही घाई नको. डिलिव्हरीआधी सॉफ्टवेअर टाकलं तरी तो आकडा शून्य होतो. जॉब कार्ड (वर्कशॉपच्या कामाची नोंद) मागा, त्यात नोंद असली तर विषय मिटला, नसली तर विचारा.

फटींबद्दलही तेच. डाव्या-उजव्या फटीत मिलिमीटरभर फरक दिसला की लोक अपघात म्हणून ओरडतात. दाराचा स्ट्रायकर (कुलूप अडकतं तो खुंटा) नि बोनेटचे रबरी गुटके फिरवून ते अर्ध्या तासात जुळतं. फट वर रुंद, खाली अरुंद, आणि जुळवूनही हटत नाही, तेव्हा पिलर मोजायला सांगा.

प्रतापनगर:
फटी आणि प्लास्टिक बंपर सोडून देतो. ते रंगवलेले असले तरी माझी तक्रार नाही. पत्र्यावर मी हटत नाही. कारखान्यातच पुन्हा रंग मारला असेल, तर कंपनीकडून त्या चेसिस नंबरची तशी लेखी नोंद आणून दाखवा, मी २०० मायक्रॉनची गाडी घ्यायला तयार आहे. डीलरचं तोंडी 'कारखान्यातूनच असं येतं साहेब' चालणार नाही.

सिव्हिल लाइन्स:
मग चेसिस नंबर मिळेल त्याच दिवशी डीलरला ईमेल करा, मजकूर एवढाच: 'या चेसिस नंबरच्या गाडीवर कारखान्यातून निघाल्यानंतर रंगकाम, डेंटिंग किंवा भागबदल झाला असल्यास पासिंगपूर्वी लेखी कळवावे, झाला नसल्यास तसे लेखी द्यावे.' उत्तर येईपर्यंत उरलेली रक्कम भरू नका.